२० वर्षांच्या टर्बो इंजिनात कोणतं ऑईल? मेस्त्री म्हणतो वीस-पन्नास

खंडाळा_थर्ड_गिअर
मंडळी, गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० बीएचपी. ८ वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आता १ लाख ४२ हजार किमी झालेत. रोज ऑफिसला नेत नाही. शनिवार-रविवारी कोथरूडहून सातारा, पाचगणी, कधी ताम्हिणी. टर्बो लागला की अजूनही पाठ सीटला चिकटते, त्यामुळे विकायचा विषय नाही.

हल्ली ती ऑईल पिते. हजार किमीला साधारण ८०० मिली. धूर दिसत नाही, खाली थेंब पडत नाहीत, ओढही कमी झालेली नाही. थंड इंजिन सुरू केलं की दोन-तीन सेकंद टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची) कटकट येते, मग गप्प.

पुस्तिकेत ५डब्ल्यू-४० आणि फोक्सवॅगन ५०२ ०० (स्कोडाच्या मालक कंपनीचा ऑईलचा दर्जा) असं लिहिलंय, आजवर तेच टाकत आलो. आमचे नाना मेस्त्री (८ वर्षं गाडी त्यांच्याच हातात आहे, माणूस खरा) म्हणतात, "इंजिन जुनं झालं की आत गॅप वाढतात. पातळ ऑईल वर चढतं आणि जळतं. वीस-पन्नास (२०डब्ल्यू-५०) टाका, पिणं बंद." निम्मं इंटरनेट नानांच्या बाजूचं, निम्मं विरुद्ध.

कुणी जुन्या ताकदवान इंजिनात जाड ऑईल टाकून पाहिलंय का? इंजिन उघडायचा सल्ला शेवटी द्या. त्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीला भिडेल, हे घरी अजून माहीत नाही.

काळीपिवळी
नानांचं ऐका. आमच्या काकांची पद्मिनी टॅक्सी होती, दादर-कुर्ला पट्ट्यात दोन शिफ्ट चालायची. जन्मभर २०डब्ल्यू-५०, तेही ड्रममधलं सुटं. पुस्तिका कधी उघडली नाही. १०८९ सीसीचं ते इंजिन दोन वेळा बोअर करून (झिजलेले सिलेंडर कापून मोठे करून) साडेतीन लाख किमी धावलं.

मिसिंग_सिलेंडर
"दोन वेळा बोअर करून" हे कौतुक आहे की तक्रार?

काळीपिवळी
कौतुकच. आताची इंजिनं एकदा तरी बोअर होतात का? सरळ भंगारात.

नानापेठी
पुस्तिका लिहिणारा झेक माणूस संध्याकाळी सात वाजता कर्वे रोडला अडकला असता, तर त्यानेही वीस-पन्नासच लिहिलं असतं.

वंगणवाला
नवी मुंबईत वंगणांच्या लॅबमध्ये २२ वर्षं काढलीत, त्यामुळे हा धागा सोडवत नाही. लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी डब्यावरचे आकडे. ५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या वागणुकीचा, आणि ती चाचणी फार खाली होते. ५डब्ल्यूसाठी इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांना, २०डब्ल्यूसाठी उणे १५ ला. हे वाचून लोक म्हणतात, आपल्याकडे कुठे उणे ३०, मग ५डब्ल्यू कशाला? चूक इथेच होते. इंजिनासाठी पुण्यातली २० अंशांची सकाळसुद्धा थंडच. ४० अंशांना साधारण ५डब्ल्यू-४० ची दाटी ८०-९० सेंटीस्टोक्स (दाटीचं माप) भरते, २०डब्ल्यू-५० ची दीडशेच्या पुढे. २० अंशांना दोन्ही याहून कितीतरी घट्ट. म्हणजे पहिल्या काही सेकंदांत, वर कॅमपर्यंत आणि टर्बोपर्यंत काहीच पोचलेलं नसताना, तुम्ही पंपाला काकवी ओढायला लावताय.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्स आणि ५० ग्रेड म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे घट्टशा ४० आणि पातळशा ५० मध्ये फरक नावालाच. खरा फरक सुरुवातीच्या आकड्याचा.

तिसरी गोष्ट मोठ्या अक्षरात छापत नाहीत. १५० अंशांना, प्रचंड घर्षणाखाली, बेअरिंगमधला पातळ पडदा किती टिकतो याची वेगळी चाचणी असते. ५डब्ल्यू-४० ला तिथे किमान ३.५ चा आकडा गाठावा लागतो, ३० ग्रेडला २.९ पुरतो. तुमच्या टर्बोची काळजी हा आकडा घेतो, डब्यावरचं वाघाचं चित्र नव्हे.

आणि फोक्सवॅगन ५०२ ०० ही दाटी नाही, परीक्षा आहे. ते ऑईल टर्बोच्या उष्णतेत गाळ किती धरतं, किती झिजू देतं, हे इंजिनांवर तपासून मग तो शिक्का मिळतो. बाजारातल्या वीस-पन्नासच्या डब्यावर तो शिक्का तुम्हाला सापडणार नाही.

मिसिंग_सिलेंडर
काकवी ओढायला लावताय, हे वाक्य माझं झालं. उद्या गॅरेजमध्ये वापरणार.

वऱ्हाडी_ठसका
वंगणवाला भाऊ, हे सारं पुण्याच्या सकाळचं झालं. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. बोनेटवर पापड भाजून होते. तिथं तरी जाड ऑईल पायजे का नाही?

वंगणवाला
बाहेर ४५ असो की २०, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर धड असतील तर पाणी नव्वदच्या आसपासच राहतं, आणि ऑईल नव्वद ते एकशेदहामध्ये. अकोल्याचं ऊन इंजिनाच्या आत तुम्हाला वाटतं तेवढं शिरत नाही. ऑईल खरंच तापतं ते सतत पूर्ण थ्रॉटलवर, ओझं घेऊन घाट चढताना किंवा ट्रॅकवर. १३० च्या वर नेणारे लोक ५डब्ल्यू-५० वापरतात, त्यांचं चूक नाही. पण ते शनिवारी पाचगणीला स्ट्रॉबेरी आणायला जात नाहीत.

खंडाळा_थर्ड_गिअर
स्ट्रॉबेरीचा उल्लेख वैयक्तिक घेतला आहे.

नानापेठी
लॅबवाले सांगतात ते पुस्तकात खरं. पण माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. ऑईलचा लाल दिवा लुकलुकणाऱ्या गाडीत जाड ऑईल टाकलं की दिवा बंद होतो. म्हणजे दाब वाढला ना?

वंगणवाला
दाब वाढला, बरोबर. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबा, पाइपमधला दाब वाढतो. झाडाला पाणी जास्त मिळालं का? बेअरिंगला दाब दाखवायला नको असतो, ऑईल वाहतं हवं असतं. त्यात दाब ठरावीक मर्यादेवर गेला की पंपाची झडप उघडते आणि जास्तीचं ऑईल वर न जाताच मागे फिरतं. दिवा लुकलुकत असेल तर आधी साधा दाबमापक लावून खरा दाब बघा, मग खालचं ऑईलचं चेंबर उतरवून पंपाची जाळी बघा. जाड ऑईल टाकून दिवा विझवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बर्फात ठेवणं.

काळीपिवळी
गाडी विकायची असेल तर मात्र उत्तम उपाय.

मिसिंग_सिलेंडर
काका, टॅक्सी कुणाला विकली होती ते आता कळलं.

पालिओची_लेक
मी स्वतः केलेलं सांगते. बाबांची २००२ ची पालिओ १.६ माझ्याकडे आहे. १०० बीएचपीची, सचिनच्या जाहिरातीवाल्या काळातली. (हो, मायलेज विचारू नका. बाबा पंपावर गेले की पंपवाला उठून उभा राहायचा.) १७ वर्षं तिला १५डब्ल्यू-४० मिनरल (साधं खनिज तेलाचं) घातलं. मग मी कुठेतरी वाचून एकदम फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० टाकलं आणि तिसऱ्या आठवड्यात टॅपेट कव्हरखालून गळती सुरू. सगळे म्हणाले, बघ, सिंथेटिकनं सील खाल्लं.

गॅस्केट काढलं तेव्हा ते पार कडक झालं होतं, हातात बिस्किटासारखं तुटलं. इतकी वर्षं भोवतीच्या जुन्या गाळानंच गळती अडवून धरली होती, नवीन ऑईलनं तो धुऊन काढला. गॅस्केट बदललं, तेव्हापासून थेंब नाही. सिंथेटिक चालूच आहे.

एक मात्र झालं. ऑईलच्या पहिल्या दोन बदल्या मी मुद्दाम ३ हजार किमीवरच केल्या. निघालेलं ऑईल डांबरासारखं होतं. तिसऱ्या वेळी चहासारखं.

वंगणवाला
पालिओताई, +१००. लवकर बदलून हळूहळू धुणं हीच पद्धत. फ्लशची बाटली ओतून १० मिनिटांत 'साफ' करायच्या भानगडीत जुन्या टर्बोवाल्यांनी पडू नये. सुटलेला गाळ एकदम खाली येतो आणि पंपाच्या जाळीवर बसतो.

स्टुटगार्टचा_सदू
नमस्कार, इथे माझ्याकडे २००३ ची गोल्फ आहे, तेच १.८ टर्बो इंजिन, पाच व्हॉल्व्ह प्रति सिलेंडर. त्यामुळे हे दुखणं मला जवळचं.

या इंजिनाचा गाळाचा इतिहास माहीत असू द्या. पसाट आणि ऑडी ए४ मध्ये ते लांबीत बसवलेलं असायचं. तिथे ऑईल कमी मावायचं, टर्बोची उष्णता तीच, आणि लोक बदलायचे लांबच्या अंतरानं. ऑईल भाजून कोळसा व्हायचं आणि जाळी बुजायची. अमेरिकेत २००४ मध्ये कंपनीनं या इंजिनांना गाळासाठी ८ वर्षांची वाढीव हमी दिली होती. ऑक्टाव्हिया आणि गोल्फमध्ये इंजिन आडवं असतं, ऑईल साधारण साडेचार लिटर, त्यामुळे त्रास कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

मी ५०२ ०० वालंच ५डब्ल्यू-४० घालतो, ७ हजार किमीवर किंवा वर्षानं बदलतो. जोरात चालवून आल्यावर लगेच किल्ली काढत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतो. इंजिन बंद केलं की ऑईल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑईल तिथेच करपतं. शेवटचा एक-दीड किलोमीटर शांत चालवायचं.

रंकाळ्याचा_रंगा
एक-दीड किलोमीटर शांत? आमच्याकडं घरापर्यंत रेस असते भावा. बाकी तुम्ही सगळे चारचाकीवाले उगीच डोकं लावताय. माझी आरएक्स १०० बघा. ऑईल पेट्रोलबरोबर जळायलाच टाकायचं. पिते का म्हणून कोण विचारत नाही. पिली नाही तर टेन्शन!

मिसिंग_सिलेंडर
धागाकर्त्यानं ऑक्टाव्हियाला टू-स्ट्रोक जाहीर करावं. प्रश्न मिटला.

रंकाळ्याचा_रंगा
आणि निळ्या धुराचा तो वास. इषय संपला.

व्हीटेक_विनू
२००१ च्या सिटी व्हीटेकवाला हजर. १०६ बीएचपी, आजही सहा हजारच्या पुढे गाते. या इंजिनात ऑईल नुसतं वंगण नाही, कामगार आहे. वरच्या वेगाला ऑईलचा दाब रॉकरमधली पिन सरकवतो आणि व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात. माझ्या आधीच्या मालकानं 'गाडी जुनी झाली' म्हणून वीस-पन्नास टाकलं होतं. सकाळी इंजिन पूर्ण तापेपर्यंत व्हीटेक लागायचंच नाही. मी ३० ग्रेडवर आणली, दोन बदल्यांनंतर सुतासारखी.

टॅपेटच्या आवाजाबद्दल एक. माझ्या गाडीत टॅपेट स्क्रूनं सेट करायचे असतात, आवाज आला तर फीलर गेज घ्यायचा, ऑईलचा डबा नाही. ऑक्टाव्हियात हायड्रॉलिक आहेत, ते ऑईलनंच भरतात. दोन-तीन सेकंद कटकट म्हणजे ऑईल वर पोचायला लागणारा वेळ. नानांचं वीस-पन्नास टाकलं तर तो वेळ वाढेल.

हातात_पाना
अमेरिकेतले लोक जुन्या इंजिनांसाठी झिंकवालं ऑईल शोधत फिरतात. म्हणतात नवीन एपीआय ग्रेडमध्ये (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या ऑईलच्या दर्जात) झिंक-फॉस्फरस कमी केलं, कॅम झिजतात. मग आपण एसपी, एसएन हे नवे ग्रेड सोडून जुन्या एसएल ग्रेडचा डबा शोधावा का?

वंगणवाला
मूळ मुद्दा खरा आहे. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बिघडवतो, म्हणून २० आणि ३० च्या पातळ ग्रेडवर २००४ पासून ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. त्रास झाला तो सपाट टॅपेट आणि जबर स्प्रिंग असलेल्या जुन्या अमेरिकी व्ही-८ ना, विशेषतः नवा कॅम बसवल्यावर. पण ती मर्यादा ४० ग्रेडला लागू नाही, आणि युरोपातलं ए३/बी४ वर्गाचं ऑईल या बाबतीत भरलेलं असतं. ५०२ ०० त्याच घराण्यातलं. उलट धूळ खात पडलेला एसएल चा जुना डबा शोधणं म्हणजे गाळाच्या चाचण्यांत मागे जाणं. १९९८ च्या गाडीलाही २०२० चं एसपी चालतं, दाटी बरोबर असली की झालं.

मात्र सी३ (युरोपातलाच दुसरा वर्ग) लिहिलेलं घेताना थांबा. त्यात राख कमी ठेवलेली असते, डिझेलच्या फिल्टरसाठी. त्याच डब्यावर ५०२ ०० ही छापलेलं असेल तर ठीक. नसेल तर सोडा.

पालिओची_लेक
आणि 'फुल सिंथेटिक' या शब्दाला किती भुलायचं?

वंगणवाला
फार नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातीवरून यावरच वाद झाला होता आणि निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं गेला. तेव्हापासून खूप शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणतात. त्यात वाईट काही नाही, चांगलं असतं. डब्याच्या पुढच्या बाजूला गोष्ट लिहिलेली असते, मागच्या बाजूला दाखला. मागचं वाचा.

नानापेठी
मागचंही छापता येतं साहेब. मी पेठेत २६ वर्षं दुकान चालवतो, म्हणून सांगतो. नामांकित ब्रँडचा रिकामा डबा भंगारवाल्याकडे चांगल्या भावानं का जातो? एका गिऱ्हाईकानं बाहेरून स्वस्तात आणलेला डबा माझ्यासमोर उघडला, वास घेतला तर चक्क जुन्या ऑईलचा. झाकणाचं सील अगदी नव्यासारखं. रिकामा डबा टाकताना त्याला चाकूनं भोक पाडा, एवढी सवय लावा. पाच-पन्नासची बचत बघणारं गिऱ्हाईक टर्बो बदलायला पुन्हा आमच्याकडेच येतं.

खंडाळा_थर्ड_गिअर
हे फारच कामाचं. मी आजवर रिकामा डबा सोसायटीच्या वॉचमनला द्यायचो. तो आनंदानं का घ्यायचा ते समजलं.

हातात_पाना
ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय? जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या जातात म्हणे. ऑईलमध्येही पाणी होतं?

वऱ्हाडी_ठसका
मायलेज कमी झालं हे मी सांगू शकतो. बाकी ऊसवाल्यांचं भलं होऊन रायलं तर होऊ द्या.

रंकाळ्याचा_रंगा
ऊसावर बोलू नका हां. इकडं सगळी बसलेत.

धागापाल
मंडळी, ई२० चा स्वतंत्र धागा आहे आणि तिथे आधीच ४०० प्रतिसाद झालेत. ऊस तिकडे गाळावा.

वंगणवाला
ऑईलपुरतं एकच सांगतो. रोज दोन-तीन किलोमीटर चालवून बंद करायची सवय असेल तर इंजिन पूर्ण तापत नाही, इंधन आणि ओल ऑईलमध्येच राहते. झाकणाखाली पिवळसर साय दिसते ती हीच. आठवड्यातून एकदा अर्धा तास नीट पळवा.

स्टुटगार्टचा_सदू
मूळ प्रश्नाकडे येऊ. धागाकर्ते, ८०० मिली कसं मोजलंत? अशा गाड्यांच्या पुस्तिकेत हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असंच लिहिलेलं असतं. गाडी सपाट जागी, इंजिन गरम, बंद करून काही मिनिटं थांबून, पट्टी पुसून मग बघितलंत का?

खंडाळा_थर्ड_गिअर
...माझं पार्किंग बेसमेंटच्या उतारावर आहे.

मिसिंग_सिलेंडर
😂 ऑईल गाडी पीत नाही, उतार पितो.

खंडाळा_थर्ड_गिअर
हसा. रस्त्यावर सपाट उभी करून पुन्हा मोजायला लागतो.

व्हीटेक_विनू
मोजताय तोवर आणखी एक करा. खंबाटकी उतरताना थ्रॉटल सोडून इंजिन ब्रेकिंगवर या, खाली आल्यावर एकदम पाय द्या आणि कुणाला तरी मागून बघायला लावा. तेव्हा निळा भपका आला तर व्हॉल्व्ह गाईडचे सील गेले. चढावर जोर लावताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंग. दोन्ही नसेल तर इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रीदर बघा. चेंबरमधली वाफ बाहेर नेणारी नळी तडकली किंवा तिचा वॉल्व्ह अडकला की टर्बोचा दाब उलटा आत शिरतो आणि ऑईल इनटेकमध्ये ढकलतो. इंटरकूलरची (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाची) नळी काढून बोट फिरवा. थोडं तेलकट चालतं, तळं साचलेलं चालत नाही.

काळीपिवळी
एवढे उद्योग करण्यापेक्षा वीस-पन्नास टाकून मोकळं व्हा. काका असते तर म्हणाले असते, गाडी आहे, सासुरवाडी नाही.

पालिओची_लेक
काळीपिवळी काका, तुमच्या काकांच्या पद्मिनीला टर्बो नव्हता. आणि त्या इंजिनाला वीस-पन्नासच बरोबर होतं, ते त्याच काळातलं. तुम्ही ऑईलच्या बाजूनं बोलताय की आठवणीच्या?

काळीपिवळी
ताई, २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा मी मुद्दाम फोर्टात जाऊन एकीत बसून आलो. आठवणीच्याच बाजूनं बोलतोय. पण इंजिनही चांगलं होतं.

*(सव्वा महिन्यानंतर)*

खंडाळा_थर्ड_गिअर
धागा वर काढतोय, कारण काही जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

सपाट जागी मोजल्यावर आकडा ८०० वरून ५५० वर आला. म्हणजे पाव लिटर उताराचं. मिसिंग_सिलेंडर यांनी पुन्हा हसायला हरकत नाही.

खंबाटकीला मेहुण्याला मागच्या गाडीत बसवलं. उतारानंतर भपका नाही, चढावर धूर नाही. मग ब्रीदरची यादी छापून नानांकडे गेलो. मनात धाकधूक, की यांचं वीस-पन्नास नाकारून वर इंटरनेटचा कागद दाखवतोय. नाना कागदाकडे बघेनातच. इंजिनाच्या मागच्या बाजूला हात घातला, दोन बोटांनी एक नळी दाबली आणि म्हणाले, "ही मेली आहे." खालच्या बाजूनं, दिसणारच नाही अशा जागी, तडकलेली. तिच्या पुढचा वॉल्व्ह काढून फुंकून बघितला तर दोन्हीकडून हवा जात होती. एकाच बाजूनं जायला हवी. इंटरकूलरच्या नळीतून वाटीभर ऑईल निघालं.

मग म्हटलं आता चेंबरही उतरवूच. जाळीचा साधारण तिसरा भाग काळ्या खड्यांनी बुजला होता. नानांनी तो बोटावर घेऊन चुरडला, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ह्यात वीस-पन्नास टाकलं असतं तर जड गेलं असतं." मी काही बोललो नाही. तेही पुढे काही बोलले नाहीत.

जाळी साफ, नळी आणि वॉल्व्ह नवे, फिल्टर आणि ड्रेन नटचं वायसर नवं, ५०२ ०० चा शिक्का असलेलं ५डब्ल्यू-४०. डबा नानापेठी यांनी सांगितल्याप्रमाणे अधिकृत विक्रेत्याकडून, रिकामा झाल्यावर भोक पाडून. सकाळची कटकट आता सेकंदभर. १२०० किमी झाले, वर जवळपास ३०० मिली घालावं लागलं. हे ऑईल ३ हजारांवर काढणार, पालिओताईंच्या पद्धतीनं.

वंगणवाला
उत्तम. निघेल त्यातलं १०० मिली स्वच्छ बाटलीत ठेवा, तपासून घेऊ. लोखंड, तांबं किती येतंय त्यावरून रिंग आणि बेअरिंगचा अंदाज येतो. आणि नानांना माझा नमस्कार सांगा. दोन बोटांनी नळी ओळखणं आमच्या लॅबमध्ये होत नाही.

नानापेठी
म्हणजे मेस्त्रीचं ऐका, हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

व्हीटेक_विनू
तुम्ही वीस-पन्नास टाका सांगितलं होतं.

नानापेठी
तपशील.

रंकाळ्याचा_रंगा
४ चा डबा अधिक १ चा डबा, इंजिनात साडेचार. राहिलेलं अर्धा लिटर माझ्या पल्सरला चालंल का? कुरियर मी करतो.

वंगणवाला
नको. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, त्याला जासो एमए (जपानी दर्जाच्या) शिक्क्याचं लागतं. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करायचा मसाला असेल तर क्लच घसरतो.

रंकाळ्याचा_रंगा
मग आज्जीच्या शिवणयंत्राला?

वंगणवाला
त्यालाही वेगळं, पातळ तेल असतं. आज्जीला ५डब्ल्यू-४० मध्ये पाडू नका.

खंडाळा_थर्ड_गिअर
कुणालाच मिळणार नाही. अर्धा लिटर होतं, आता २०० मिली उरलंय. डिकीत ठेवलंय, पुढच्या पाचगणीपर्यंत तेही जाईल.